इथे गड कधी नव्हताच

वालपुर्गला पहिलं मूल झालं ते ऐन थंडीत, आणि थंडी ओसरायच्या आत ते गेलंही. मूल गेलं, पण छातीतलं दूध काही जाईना. रिकाम्या पाळण्याकडे पाठ करून ती बसायची आणि झगा छातीवर ओला व्हायचा. अशातच एक दिवस वरच्या गडावरून माणूस आला. मालकिणीला मुलगा झाला होता आणि तिला दूध उतरत नव्हतं.

"चल," तो म्हणाला. "वर पोटभर खायला तरी मिळेल."

नवरा उट्झ दारात लाकडं फोडत होता. कुऱ्हाड खाली न ठेवताच तो म्हणाला, "जा. इथे भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं."

अशी ती ओल्बरश्टाइनच्या गडावर गेली. तोवर तिने गड खालूनच बघितला होता. खालून, म्हणजे ओल्बर्न गावातून, तो आभाळाला टेकल्यासारखा दिसायचा. वर जाऊन बघते तर एक बुरूज, एक उंच अरुंद घर, दहा माणसं जेमतेम मावतील एवढं चर्च, पावसाचं पाणी साठवायचं टाकं आणि जिकडेतिकडे धूर. माणसं आणि डुकरं एकाच अंगणात नांदत होती. वारा चहूबाजूंनी आत शिरायचा. गडावर उबदार अशी खोली एकच. तिच्यात भाजलेल्या मातीची मोठी शेगडी होती आणि शेगडीला लागून दगडाची लांब बैठक. तिथे एकदा पाठ टेकली की उठवत नसे.

मालकीण गुट्टाबाई त्या खोलीत असायच्या. वयाने वालपुर्गहून लहानच, अंगाने काटकुळ्या. बोलणं मोजकं, आणि बोलायच्या आधी "हं" करायची सवय. आपलंच म्हणणं आधी स्वतःशी कबूल करून मग बाहेर सोडत असल्यासारखी. त्यांनी वालपुर्गला बैठकीवरची शेगडीकडची जागा दिली. "हं. तू इथे बस. तुला ऊब मिळाली तरच त्याला दूध मिळेल." हे प्रेमाने म्हटलं की हिशेबाने, ते वालपुर्गला कधी कळलं नाही. पण जागा खरोखरच सगळ्यांत चांगली होती.

पोराचं नाव एबरलिन. त्याला वालपुर्ग म्हणता येईना, म्हणून तो वाली म्हणू लागला, मग गडावरचे सगळेच म्हणू लागले. तो तिच्या अंगावर वाढला. चालायला तिचं बोट धरून शिकला. उट्झला भेटायला ती अधूनमधून खाली यायची, पण तासाभरात तिचे कान वर लागायचे.

आणि एका सकाळी, पोराचं दूध सुटून महिना झाला असेल, गुट्टाबाईंनी तिला बोलावलं.

"हं. आता तो मोठा झाला. तू आज घरी जा."

"तो झोपलाय, बाईसाहेब. उठला की त्याला सांगून..."

"उठला की रडेल. म्हणून तर आत्ता जा म्हणते."

त्यांनी हिरव्या लोकरीच्या कापडाचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला, स्वतः दाराशी आल्या आणि ती बाहेर पडल्यावर दार लावून घेतलं. अर्ध्या उतारावर वालपुर्गला वरून रडणं ऐकू आलं, किंवा आल्यासारखं वाटलं. ती उभी राहिली, मग चालू लागली. बाईंचं चुकलं असं काही म्हणता येत नव्हतं. कुठलीही आई असंच करती. तरी ते कापड तिने कितीतरी दिवस पेटीच्या तळाशी दाबून ठेवलं. पुढे तिला मुलगा झाला, यॉर्ग, आणि पोराला कपडा लागतोच, तेव्हा बाहेर काढलं.

कापड कुठलं, हे गावात कुणी विचारलं नाही. गडाचा मालक डीटमार खालच्या दरीतल्या रस्त्यावर व्यापाऱ्यांच्या गाड्या अडवायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लुटीतलं थोडंफार गावात झिरपायचं. खारवलेले मासे, मिठाचं पोतं, कधी मूठभर मिरी. गावचा कारभारी फाइट तेव्हा तरणाबांड होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"मालकांना परवा पुन्हा रस्त्यावर काहीतरी सापडलं म्हणे," तो चर्चबाहेर म्हणायचा.

"सापडायचंच," कुणीतरी उत्तर द्यायचं. "व्यापारी लोक फार वेंधळे. जातील तिथे वस्तू पाडतात."

सगळे हसायचे आणि घरी जाऊन मिरी घातलेलं सार प्यायचे.

ते हसणं त्या व्यापाऱ्यांच्या शहरवाल्यांनी थांबवलं. एका शरद ऋतूत त्यांची फौज दरीत उतरली. डीटमार ओढ्याच्या उतारावरच मारला गेला. मग त्यांनी एक तोफ आणली, बारा बैलांनी ओढलेली, आणि गडाच्या भिंतीवर दगडी गोळे टाकायला सुरुवात केली. गावातल्या घराघरांत भांडी थरथरायची. अखेर गुट्टाबाईंनी गड सोडला. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडायचं, एवढीच सवलत त्यांना मिळाली.

त्याच दुपारी शहराच्या सरदाराने चर्चची घंटा वाजवून सगळं गाव गोळा केलं. तो घसा बसलेला, सर्दी झालेला माणूस होता. दर वाक्यानंतर नाक पुसत होता. गड जमीनदोस्त करायचा, तो गावानेच करायचा आणि दगड गावाने न्यायचे. त्या टेकडीवर पुन्हा कधी गड बांधणार नाही अशी शपथ घ्यायची. आणि डीटमारच्या बायकोला जो कोणी छप्पर देईल नाहीतर भाकरीचा तुकडा देईल, त्याचं घर गडाबरोबर जाईल. सगळ्यांनी शपथेची बोटं वर केली. वालपुर्गनेही केली.

पुरुषांना लगेच वर नेलं. बायका घरोघर गेल्या आणि दारं लावून बसल्या. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होतं. वालपुर्गने चूल पेटवली, यॉर्गला कडेवर घेतलं आणि ती उभीच राहिली. गावच्या वाटेवरून कोण उतरणार आहे, ते सगळ्यांनाच माहीत होतं. एका दारावर थाप ऐकू आली, मग दुसऱ्या. कुठलंच दार उघडल्याचा आवाज आला नाही. मग तिच्या दारावर थाप पडली.

"हं. वाली, मी आहे." बाईंचा आवाज दाराच्या फटीशी होता. "पोराचे पाय भिजलेत. माझं राहू दे. त्याला तेवढं आत घे."

वालपुर्गचा हात अडसरावर गेला.

"वाली!" एबरलिन ओरडला. चार वर्षांचा होता तो. रविवारी गावच्या चर्चमध्ये लांबूनच तिला बघून हात हलवायचा. "अगं वाली, मी आहे ना! उघड ना दार!"

कडेवरचा यॉर्ग आवाजाच्या दिशेने वळून काहीतरी बडबडू लागला. तिने अडसरावरचा हात काढला आणि त्याच्या तोंडावर ठेवला.

बाहेर जरा वेळ फक्त पाण्याचा आवाज होता.

"घरी नाहीये ती," बाई म्हणाल्या.

"धूर येतोय, आई."

"चूल पेटवून गेली असेल कुठेतरी. चल."

पावलं चिखलातून लांब गेली. वालपुर्गने यॉर्गच्या तोंडावरून हात काढला तेव्हा तो रडायला लागला, आणि तिने त्याला रडू दिलं.

गड पाडायला सगळा हिवाळा लागला. शहरवाल्यांनी बिअरची पिंपं पाठवली होती, त्यामुळे कामाला जत्रेची कळा आली. पोरं भिंतीवर चढून गाणी म्हणत दगड खाली लोटायची. बुरूज पडला त्या दिवशी फाइटने टोपी हवेत उडवली. उट्झने आणि आणखी दोघांनी उबदार खोलीतली ती दगडी बैठक घसरगाडीवर घालून खाली आणली आणि आपल्या चुलीजवळ बसवली. "एवढी सरळ शिळा पुन्हा मिळायची नाही," उट्झ म्हणाला.  वालपुर्गही टोपल्या भरभरून दगड वाहत होती. सगळेच वाहत होते.

काही वर्षांत ओल्बर्नचं रूप पालटलं. लाकूडमातीची घरं जाऊन दगडी आली. ओढ्यावर पूल झाला, चर्चला उत्तरेची नवी भिंत झाली, डुकरांनासुद्धा घडीव दगडाची दोण मिळाली. टाकं दगडांनी बुजलं. टेकडीवर गवत आलं, मग काटेरी झुडपं आली, मग बकऱ्या आल्या. पोरं तिला बकऱ्यांची टेकडी म्हणू लागली आणि मोठ्यांनी त्यांना सुधारलं नाही. कुणी असं ठरवलं नव्हतं. पण गड म्हटलं की कुणी विचारलं असतं, गडावर कोण राहायचं? मग, ते गेले कुठे? त्यापेक्षा बकऱ्या बऱ्या.

उट्झ गेला. यॉर्ग मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून आली. वालपुर्गचे गुडघे धरले, दात पडले. गावात तिला आता सगळे आजी म्हणायचे. वाली म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

तिच्या साठीनंतरच्या एका उन्हाळ्यात वरच्या खोऱ्यातला मोठा पूल वाहून गेला आणि मालाच्या गाड्या ओल्बर्नच्या रस्त्याने येऊ लागल्या. त्यातल्या एका गाडीचं चाक ओढ्यापाशी मोडलं. गाडीवान लोहाराकडे आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, शहरच्या व्यापाऱ्यांचा माल नेणारा साधा माणूस. लोहार चाक बघत असताना त्याने सहज विचारलं, इथे वर ओल्बरश्टाइन नावाचा गड होता का?

लोहाराच्या हातातली सांडशी पडायची राहिली. गाडीवान पाणी प्यायला गेला तेवढ्यात त्याने फाइटकडे निरोप धाडला. फाइट आता म्हातारा झाला होता, टोपी उडवण्याचे दिवस सरले होते, पण गाव अजून त्याच्या शब्दावर चालायचं. तो काठी टेकत घरोघर फिरला आणि शेवटी वालपुर्गकडे आला.

"तो रात्रीला तुझ्याकडे उतरणार आहे," तो म्हणाला. "लोहाराच्या शेजारी तूच. विचारेल तुला. काय सांगशील?"

"काय सांगू?"

"इथे गड कधी नव्हताच. सगळे हेच सांगताहेत."

"कोण आहे तो?"

"कोण का असेना. गडाचं नाव काढतो, म्हणजे काहीतरी मागायलाच आलाय. तुझ्या घराच्या भिंती कशाच्या आहेत, वालपुर्ग? माझ्या कशाच्या? चर्चची भिंत काय आभाळातून पडली?"

"आपण शपथ घेतली ती गड बांधणार नाही म्हणून," ती म्हणाली. "गड नव्हता अशी नव्हती घेतली."

"मग ती आज घ्यायची," फाइट म्हणाला, आणि दारातल्या सुनेकडे बघून हसला. "आजीला जपा हं. या वयात माणूस काहीबाही बोलतं."

संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच, गाडीवान दारात वाकून आत आला.

"हं. आजी, इथे टेकायला जागा मिळेल का?"

वालपुर्ग चुलीवरच्या सातूच्या पेजेत डाव फिरवत होती. डाव थांबला. तिने वळून बघितलं नाही, गरजच नव्हती. तो "हं" तिने कैक वर्षं ऐकला नव्हता, पण तो तिच्या कानातून कुठे गेलाच नव्हता.

"बस," ती म्हणाली.

तो चुलीजवळच्या दगडी बैठकीवर बसला. तिने त्याला पेज दिली, वर खारवलेल्या मांसाचे तुकडे घातले, आंबवलेली कोबी दिली, राईच्या पावाचा जाड तुकडा कापून दिला. तो भुकेला होता. मन लावून जेवला. समोर यॉर्ग बसला होता, सून भांडी घासत होती, आणि दोघंही गरजेपेक्षा जास्त गप्प होती.

"काय छान घर आहे तुमचं," गाडीवान म्हणाला. "गावच छान आहे. एवढ्याशा खेड्यात सगळी घडीव दगडाची घरं मी कुठे नाही बघितली."

"इथे दगड चिक्कार," यॉर्ग म्हणाला.

"वरच्या टेकडीवर गड होता का हो कधी?"

"ती बकऱ्यांची टेकडी." यॉर्गने पावाचा तुकडा उगीचच मोडला. "बकऱ्यांशिवाय काही नाही तिथे."

"लोहारही तसंच म्हणाला. कारभारीही." त्याने वालपुर्गकडे बघितलं. "पण आजी, तू सगळ्यांत जुनी. तुझ्या लहानपणी होता का? की तुझ्याही आधी?"

यॉर्ग आईकडे बघत होता. भांड्यांचा आवाज थांबला होता. वालपुर्गने हात झग्याला पुसले.

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "इथे गड कधी नव्हताच."

तो वैतागेल, वाद घालेल, तुम्ही सगळे खोटं बोलताय म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्याने नुसती मान हलवली, आणि त्याचे खांदे जरा खाली आले.

"मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला. "माझी आई सांगायची, आमचा गड होता म्हणून. दूर तिकडे शहरात ती निराधारांच्या धर्मशाळेत सूत कातायची आणि तिथल्या बायकांना गडाच्या गोष्टी सांगायची. त्या तिला राणीसाहेब म्हणायच्या. राणीसाहेब, आज गडावर काय शिजलंय? राणीसाहेब, जरा ती खरकटी भांडी घ्या. मी तेव्हा एवढासा, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी तिला म्हणायचो, आई, गप्प बस. लोकांसमोर तरी गप्प बस."

"मग?" सुनेने विचारलं. तिला राहवलं नाही.

"मग बसली गप्प. लोकांसमोर. माझ्याजवळ मात्र शेवटपर्यंत बोलायची. तिथे म्हणे एक उबदार खोली होती. आणि एक वाली होती, तिने मला दूध पाजलं. गड सोडला तेव्हा आम्ही तिच्या दारात गेलो होतो म्हणे. ती त्या दिवशी घरी नव्हती, असं आई सांगायची. घरी असती तर वालीने दार उघडलंच असतं, असं म्हणायची." त्याने वाडगा पुसून खाली ठेवला. "मरतानासुद्धा तेच. मी म्हटलं, पुरे कर आई, थकशील. आता कळलं, डोक्यातच बिघाड होता बिचारीच्या. बरं झालं चाक इथेच मोडलं. नाहीतर जन्मभर मनात राहिलं असतं."

वालपुर्गला उभं राहवेना. पण बसायला जागा एकच, त्याच्या शेजारची, त्या दगडावरची. ती तशीच उभी राहिली. तिच्या कानशिलांत रक्त चढलं होतं, साठीची बाई असून तोंड पोरीसारखं लाल झालं होतं, आणि चुलीची धग म्हणून ते खपून गेलं. एकदा तिने त्या बाईला दाराबाहेर ठेवलं होतं. आज, ती मातीत गेल्यावर, तिला वेडी ठरवून तिच्या पोराच्याही मनाबाहेर काढलं. तेही तिचीच जागा, तिचाच दगड पोराच्या अंगाखाली घालून.

सकाळी चाक तयार झालं. लोहाराच्या पडवीत बरेच लोक जमले होते. पाहुणा निघतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला चैन पडत नव्हतं. फाइटही काठीवर हनुवटी टेकून उभा होता. वालपुर्ग शाल पांघरून, हातात काठी घेऊन तिथे आली.

"चल," ती गाडीवानाला म्हणाली. "टेकडीवर जाऊन येऊ."

"वर? कशाला, आजी?"

"चल तर."

फाइट पुढे झाला. "अगं, तुझे गुडघे दुखतात ना?"

"दुखतात," ती म्हणाली, आणि चालू लागली.

यॉर्ग दोन पावलं तिच्या मागून आला आणि थांबला. बाकी कुणी हललं नाही. तिच्या पाठीवर सगळ्या गावाचे डोळे होते, आणि चढ सुरू होईपर्यंत ते तिला पाठीवर टोचत राहिले. वाटेत ती तीनचारदा दम खायला थांबली. गाडीवानाने दोनदा म्हटलं, राहू दे आजी, परत जाऊ. तिने नुसता हात हलवला.

वर बकऱ्या चरत होत्या. गवतात रानओव्याचा वास होता. टेकडीच्या मानेवर आडवा खंदक अजून होता, झुडपांनी भरलेला. माहीत नसेल तर पावसाची घळ वाटावी. वालपुर्ग त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिने काठीने दाखवायला सुरुवात केली.

"हा खंदक. इथून लाकडी पूल होता. हे दार. इथे डुकरं असायची, तू त्यांच्यात जाऊन लोळायचास आणि ओरडा मला बसायचा. हा खड्डा दिसतो ना, दगडांनी भरलेला? ते टाकं. आणि इथे," ती जरा चालली, मागे आली, पुन्हा अंदाज घेतला, "इथे वर ती खोली. शेगडी या बाजूला. बाई खिडकीशी बसायच्या. तुझी आई वेडी नव्हती, बाळा. एक शब्द खोटा नाही बोलली ती. खोटं आम्ही बोललो."

 गाडीवान गवतात खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं.

"मी तिला गप्प बस म्हणायचो," तो हातांच्या आड म्हणाला. "चारचौघांत. गप्प बस म्हणायचो."

वालपुर्ग काठीवर भार देऊन उभी होती. तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. तो हात कुठला, हे आठवून तिने तो ठेवला नाही.

काही वेळाने त्याने वर बघितलं. डोळे लाल होते.

"तुझं नाव काय, आजी?"

"वालपुर्ग."

त्याला समजायला एक क्षण लागला. "वाली?"

तिने मान हलवली.

"हं," तो म्हणाला. मग अगदी हळू, ती नाही म्हणेल अशा आशेने, "तू त्या दिवशी घरी नव्हतीस."

"होते."

एक बकरी जवळ येऊन त्याच्या बुटाच्या वादीला तोंड लावू लागली. त्याने तिला हाकललं नाही.

"भीती वाटली असेल," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी घर जाळलं असतं ना? पोर होतं तुझं. दुसरं काय करणार होतीस?"

तो तिला वाट करून देत होता. त्याच्या आईनेही त्या दिवशी दाराबाहेर उभं राहून अशीच वाट करून दिली होती.

"हो," वालपुर्ग म्हणाली. "भीती वाटली."

आणि ते खरंच होतं, पण सगळं नव्हतं. अडसर तिने अर्धा सरकवला होता, भीती असूनही. तेवढ्यात बाईंचं ते 'माझं राहू दे' तिच्या कानांत पुन्हा घुमलं, आणि वालपुर्गच्या पोटात काहीतरी गोड शिरलं. आता कळलं ना बाईसाहेब, दार बंद झालं म्हणजे कसं वाटतं? पोराला मागे ठेवून उतार उतरायचा म्हणजे काय असतं? एक श्वास घेण्यापुरतं तिला ते हवंहवंसं वाटलं होतं. तेवढ्यात यॉर्ग बडबडला, हात अडसरावरून निघाला, आणि मग उशीर झाला. एवढ्या वर्षांत ती स्वतःला भीतीचंच सांगत आली होती. आज या माणसाने भीतीच पुढे केली, आणि तिने ती मुकाट्याने घेतली. कारण दुसरं सांगायचं तर त्याच्या तोंडाकडे बघून सांगावं लागलं असतं.

तो उठला, कपड्यांवरचं गवत झटकलं. "चाक झालंय," म्हणाला. "ऊन चढायच्या आत निघायला हवं."

उतारावर जिथे खडक घसरडा होता तिथे त्याने तिला हात दिला, कुठल्याही म्हातारीला देतात तसा, आणि सपाट वाट लागल्यावर सोडला. गावात आल्यावर तो कुणाशी बोलला नाही. फाइटने काहीतरी विचारलं, त्याने ऐकलं नाही की ऐकून घेतलं नाही. बैल जुंपले आणि गाडी पुलावरून गेली. वालपुर्ग लोहाराच्या पडवीजवळ उभी होती. त्याने मागे वळून बघितलं नाही.

गाव महिनाभर धास्तावून होतं. दगड परत मागायला कुणीतरी येईल, शहराकडून माणसं येतील. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी वरच्या खोऱ्यातला पूल पुन्हा बांधला गेला आणि गाड्याही यायच्या बंद झाल्या.

फाइट वालपुर्गशी मरेपर्यंत बोलला नाही. यॉर्ग काही दिवस घुम्यासारखा वागला. मग एक दिवस कुंपण दुरुस्त करताना एकदम म्हणाला, "तेव्हा मी तुझ्या कडेवर होतो ना?"

"होतास."

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. चर्चला जाताना मात्र तिचा हात धरू लागला.

वालपुर्ग आता गडाबद्दल उघड बोलायची. विहिरीवर, शेतात, कापणीच्या जेवणात, विचारलं नाही तरी. खोली कुठे होती, डुकरं कुठे होती, बाई कशा बसायच्या. पोरं ऐकायची. मोठी माणसं इकडेतिकडे बघायची. एखादी बाई "बरं हं, आजी" म्हणून तिला घरी पोचवायची. ती चिडायची नाही.

दाराची गोष्टही तिने सांगितली, पाद्र्याला, पापाची कबुली द्यायला गुडघ्यांवर बसून. भीतीने उघडलं नाही म्हणाली. नव्या दमाचा पाद्री होता, चांगला होता. त्याने तिला उपास सांगितले आणि प्रार्थना सांगितल्या. तिने ते सगळं नेमाने केलं. पुढच्या वेळी उरलेलं सांगायचं म्हणून ती पुन्हा गेली, जागेवर गुडघे टेकले, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मागे दोन बायका थांबल्या होत्या. पाद्री म्हणाला, आणखी काही आहे का, आजी? ती म्हणाली, नाही, आणि उठायला आधार म्हणून यॉर्गला हाक मारली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती खोकल्याने गेली. जमीन गोठलेली होती, खणायला दोन दिवस लागले. यॉर्गने तिला उट्झच्या शेजारी पुरलं आणि घरी येऊन चूल पेटवली.